पुडी आणायला कोण पाठवतं?

गावात सोळा-सतरा वर्षांचं एखादं पोरगं दारू पिऊन पडलेलं सापडलं, की पारावरचा निकाल ठरलेला असतो: संगत वाईट. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कुठल्याही गावात हा निकाल ऐकायला मिळतो, आणि तो देणाऱ्याच्या गालात त्या वेळी बहुधा तंबाखूचा बार असतो. निकाल मोठा सोयीचा आहे. संगत म्हणजे नेहमी दुसऱ्याची पोरं. त्या दुसऱ्यांच्या घरीही हेच बोललं जात असतं, त्यामुळे दोष घरोघर फिरतो आणि कुठल्याच उंबऱ्याशी थांबत नाही. मित्रांचा परिणाम होतो यात शंका नाही. पण असे मित्र भेटायच्या आधी पाच-सहा वर्षं घरातल्या आणि गावातल्या मोठ्या माणसांनीच त्या पोराकडून उमेदवारी करून घेतलेली असते. पुडी आणून देण्याची, ग्लास भरण्याची, चकणा वाढण्याची. संगत येते ती त्यानंतर. तंबाखू, दारू आणि गांजा यांच्याकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत. मात्र पहिल्या दोन वाटांवर पोराला नेणारा माणूस बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा वयानं मोठा, ओळखीचा, पुष्कळदा नात्यातलाच असतो. हे मान्य केलं तर रोखायचं कुठे याचं उत्तरही बदलतं.

हे दोन तालुके या प्रश्नासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा मोठा ग्रामीण आणि आदिवासी भाग इथेच उरला. मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापुरात. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते, मुंबई-नाशिक महामार्ग जातो, आता समृद्धीही. मुरबाडला रेल्वे नाही, पण कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावरची औद्योगिक वसाहत आहे. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी असा इथला समाज. वासिंद-आसनगावचा पोरगा तासा-दीड तासात ठाण्याला पोचतो आणि डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरच्या पोराला तालुक्याला जायचं तर एसटीची वाट पाहावी लागते. शहराचा बाजार आणि गावाची रीत इथे एकमेकांना भिडलेली आहेत.

आधी तंबाखू, कारण सुरुवात तिथून होते. टपरीच्या पुढच्या बाजूला पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर त्या बरोबर येतात. त्यांच्याच खाली गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या. पोरगं दहाची नोट पुढे करतं आणि ‘आप्पांना तंबाखू’ म्हणतं. दुकानदार पुडी काढून देतो, चुना आहे का विचारतो, उरलेल्या रुपयाची गोळी हातावर ठेवतो. या व्यवहारात कुणालाही काही गैर वाटत नाही. कायद्याला वाटतं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं सहावं कलम अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायला मनाई करतं. ती कुणासाठी नेली जातेय याला त्यात स्थान नाही. आप्पांच्या पुडीतली एक चिमूट पोरानं घरी येता येता चाखून पाहिली, तर त्यात नवल ते काय?

देशभरातल्या शाळकरी मुलांची तंबाखूविषयीची मोठी पाहणी २०१९ साली झाली. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ती केली. चघळायची तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या मुलांनी ती पहिल्यांदा तोंडात टाकली, तेव्हाचं मध्य वय ९.९ वर्षं निघालं. बिडीचं साडेदहा, सिगरेटचं साडेअकरा. म्हणजे चघळायची तंबाखू चाखलेल्यांपैकी निम्म्यांची सुरुवात दहावा वाढदिवस व्हायच्या आत झाली होती. नऊ वर्षांच्या पोराला बिघडवणारी संगत कुठली? त्या वयात त्याचं जग म्हणजे घर, शाळा आणि वाटेवरचं दुकान. मिसरूड फुटलेल्या पोरांची टोळी आयुष्यात यायला अजून चार-पाच वर्षं असतात. हे आकडे देशाचे आहेत, दोन तालुक्यांचे नाहीत, हे खरं. पण धूम्रपान कमी आणि चघळणं फार, हे महाराष्ट्राचं चित्र असल्यामुळे या आकड्यांतला सगळ्यात लहान वयाचा आकडाच आपल्याला लागू पडतो. २०१६-१७ च्या प्रौढांच्या पाहणीत राज्यातले फक्त ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले; धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के.

पोरींची वाट आणखी घरातून जाते. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची आणि ती पूड डबीत भरून मोरीच्या फळीवर ठेवायची. मशेरी. भाजताना घरभर खाट उठतो, पोरंसोरं खोकत अंगणात पळतात, पण भाजणं थांबत नाही. सकाळी आजी लावते, आई लावते, दात दुखला म्हणून पोरीलाही बोटभर दिली जाते. याला कुणी व्यसन म्हणत नाही; दात घासणं म्हणतात. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्यावर ती बंदी कशी पोचणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी १०.९ टक्के तंबाखू घेणाऱ्या आढळल्या आणि दारू घेणाऱ्या ०.४ टक्के. बाईनं दारू प्यायली तर गाव बोलतं, मशेरी लावली तर कुणी मान वर करून पाहत नाही. दोन आकड्यांमधलं अंतर मला तरी मुख्यतः या बोलण्या-न बोलण्याचं वाटतं. समाज ज्याला नावं ठेवतो ते मागे राहतं आणि ज्याकडे काणाडोळा करतो ते पसरतं.

इथे कुणी म्हणेल, शाळकरी मुलांच्या त्याच पाहणीत महाराष्ट्राचा आकडा पाच टक्क्यांच्या आसपास आहे, देशाच्या साडेआठ टक्क्यांहून बराच कमी. मग एवढा गहजब कशासाठी? आकडा दिलासा देणारा आहे. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत देशातही शाळकरी मुलांमधला वापर पुष्कळ घटला, आणि इशाऱ्याची चित्रं, गुटखाबंदी, शाळांतली मोहीम यांना त्याचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण ही पाहणी वर्गात बसलेल्या मुलांची आहे. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबाबरोबर गेलेला कातकऱ्यांचा पोरगा त्या दिवशी वर्गात नसतो. आठवीतून शाळा सोडून गुरांमागे किंवा रंगकामावर जाणाराही नसतो. शिवाय पंधरा वर्षांपर्यंत पाच टक्के आणि प्रौढांमध्ये २६.६ टक्के, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पाहण्या वेगळ्या आहेत, पिढ्या वेगळ्या आहेत, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नये. तरीही दहावीनंतरच्या काही वर्षांत फार मोठं काहीतरी घडतं, एवढं त्यातून दिसतंच. त्याच वर्षांत पोराच्या हातात पहिली मजुरी येते आणि त्याला हळदीचं वेगळं आवतण येऊ लागतं.

हळदीचा विषय टाळून या भागातल्या दारूविषयी लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. लग्न दिवसा, चार माणसांत. खरा सोहळा आदल्या रात्रीचा. मांडवात बायका नवऱ्याला हळद लावतात, बाहेर डीजे किंवा बँजो, एका बाजूला मटणाचं पातेलं आणि घरामागे किंवा खळ्यावर ‘बसायची’ सोय. पाहुण्यांची वेगळी, भावकीची वेगळी, आणि अलीकडे ‘पोरांची’ वेगळी. हळदीत दारू नसली तर यजमानाची चर्चा होते, कमी पडली तर आणखी होते. या सगळ्यात तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं काम काय, ते पाहण्यासारखं आहे. पाण्याच्या बाटल्या पोचवणं, प्लास्टिकचे ग्लास वाटणं, काकांनी हाक मारली की सोडा नेऊन देणं. रात्री अकरानंतर मोठ्यांचं लक्ष नसतं आणि अर्धवट भरलेले ग्लास जागोजाग पडलेले असतात. पुढच्या वर्षी मामाच म्हणतो, ‘बिअर काय, थंडच असते, घे.’ पोराच्या दृष्टीनं ते आमिष नसतं. आता तू मोठा झालास अशी ती पावती असते. पहिला घोट चोरून घेतला तर त्याला भीतीची चव असते, मामानं दिला तर मानाची. दुसरी चव सोडायला जास्त अवघड. हळदीतली दारू आणि डीजे बंद करावेत म्हणून आगरी-कुणबी समाजात वर्षानुवर्षं बैठका होताहेत, ठरावही होतात. ठराव करणाऱ्या माणसांना प्रश्न नेमका कळलेला आहे; अडतं ते पहिली कोरडी हळद कुणी करायची यावर.

आषाढातली गटारी आणि पावसाळ्यातले पाहुणे हा याचाच दुसरा भाग. माळशेजच्या रस्त्यावर, शहापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांच्या कडेला शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात. बुडून मरणारे आणि पिऊन धिंगाणा घालणारे इतके होतात, की गेल्या काही वर्षांत ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पावसाळ्यात अशा ठिकाणी मद्यपानासकट अनेक गोष्टींना मनाई करणारे आदेश काढावे लागले. त्या गाड्यांना जागा दाखवणारी, भजी-मक्याची कणसं आणून देणारी, बर्फ आणि बाटल्यांसाठी पळणारी पोरं स्थानिक असतात. हातात शंभर-दोनशे रुपये पडतात, उरलेली बाटलीही पडते. शहरातला साहेब कसा मजा करतो याचा धडा फुकट मिळतो. नट सिगरेट ओढतो तेव्हा पडद्यावर खाली इशारा तरी येतो.

आता सगळ्यात जुना आक्षेप. दारू ही आमची, विशेषतः आदिवासींची संस्कृती आहे. मोहाची धार देवाला चढते, जन्माला लागते, मरणाला लागते. शहरी माणसानं त्यात नाक खुपसू नये. या म्हणण्यातला अभिमान मी समजू शकतो आणि आदिवासी म्हणजे दारुडा ही शहरी समजूत तर निखालस दुष्ट आहे. पण इतिहास या आक्षेपाच्या बाजूनं उभा राहत नाही. इंग्रजांच्या आधी आणि सुरुवातीच्या काळात ठाण्याच्या जंगलपट्टीत ताडी-माडी आणि घरगुती मोहाची दारू होती. ती हंगामात व्हायची, सणाला निघायची आणि संपायची. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं गाळपाचा मक्ता सरकारनं हाती घेतला, ठेके लिलावात निघू लागले आणि घरी गाळणं गुन्हा झाला. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं साठवण्या-विकण्यावर त्यानं निर्बंध घातले. हेतू लोकांनी कमी प्यावं हा नव्हता, सरकारी ठेक्यावरची प्यावी हा होता. महसूल वाढला. जी गोष्ट देवाच्या आणि हंगामाच्या मापानं चालायची ती पैशाच्या मापानं, बारमाही चालू झाली. आज पाड्यावर विकली जाणारी गूळ-नवसागराची गावठी ही त्या मोहाच्या दारूची वारसदार नव्हे. ती त्या ठेक्याची वारसदार आहे. परंपरेच्या नावानं तिची पाठराखण करणाऱ्यानं हेही सांगावं, की कुठल्या देवाला चौदा वर्षांच्या पोरानं रोज संध्याकाळी प्यालेली चालते.

पिण्याचं वय खाली घसरतं ते एखाद्या जातीच्या किंवा प्रांताच्या रक्तामुळे नव्हे, याचा चांगला पुरावा शेजारच्या गोव्यातून मिळतो. तिथल्या पुरुषांच्या एका अभ्यासात (तो २०१४ साली प्रसिद्ध झाला) १९५६ ते ६० या काळात जन्मलेल्या पिणाऱ्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात सुरुवात केली होती; १९८१ ते ८५ मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ७४.३ टक्क्यांवर गेलं. समाज तोच, पंचवीस वर्षांत पोरं बदलली. लवकर सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे दारूचं अवलंबित्व, मनाचे त्रास आणि इजा जास्त आढळल्या. गोवा म्हणजे शहापूर नव्हे, तिथे दारू स्वस्त आणि चारचौघांतली. पण लग्नातली मिजास, हातातली रोकड आणि वाढती दुकानं यांचा प्रवाह इकडेही त्याच दिशेनं वाहतो आहे, आणि महामार्गांसाठी गेलेल्या जमिनींचा मोबदला ज्या घरांत आला तिथे तो जास्त वेगानं वाहिला असेल तर आश्चर्य वाटायला नको.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: गरिबी. वीटभट्टीवर पहाटे चारला चिखल तुडवायला उतरणाऱ्या माणसाला तंबाखू भूक विसरायला लागते आणि रात्री दारू अंग दुखतं म्हणून लागते. मालकाची उचल फिटेपर्यंत घरी जाता येत नाही, आठवड्याला हातात पडते ती खर्ची. अशा ठिकाणी व्यसनमुक्तीचं भाषण हे पोट भरलेल्या माणसाचं बोलणं ठरतं, आणि ते बरोबरही आहे. पण गरिबी तंबाखू का लागते हे सांगते. तेरा वर्षांच्या पोराला ती कोण देतं हे सांगत नाही. भट्टीवरच्या पोराला विटा थापायला लावून मोठ्यांबरोबरची चिमूट देणारा माणूस गरिबीच्या नावाखाली सुटू शकत नाही. आणि ते पोरगं भट्टीवर असण्याऐवजी आश्रमशाळेत असतं तर ती चिमूट मिळायची शक्यता कमी होती, एवढं तरी खरं. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांचं मोल आपण निकालाच्या टक्केवारीत मोजतो. पोरगं वर्षातले आठ-नऊ महिने पुडी आणण्याच्या कामातून सुटतं हा फायदा कुणाच्या हिशेबात नसतो. उलट बाजूनं, दारूच्या किमतीचाही विचार करावा लागतो. जून २०२५ मध्ये राज्यानं उत्पादन शुल्क वाढवलं आणि देशी दारूच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरवली. महाग दारू पोरांच्या हाती कमी लागते, हे जगभर दिसलेलं आहे. फक्त इथे देशी महागली की गावठीचं गिऱ्हाईक वाढतं, आणि गावठीवर ना शुल्क, ना वयाची अट, ना बाटलीत काय आहे याचा पत्ता.

गांजाविषयी थोडक्यात लिहितो, कारण बातम्यांत त्याला मिळणारी जागा आणि पोरांच्या आयुष्यातली त्याची जागा यांचा मेळ बसत नाही. दिल्लीच्या एम्सनं २०१९ साली दिलेल्या राष्ट्रीय अहवालात १० ते १७ वयोगटातले १.३ टक्के दारू घेणारे आणि ०.९ टक्के भांग-गांजा-चरस घेणारे आढळले. घरोघर जाऊन विचारलेले हे आकडे आहेत. बाप ओटीवर बसलेला असताना पोरगं किती खरं बोलेल, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा. गांजा घरातून किंवा हळदीतून येत नाही. तो कल्याण-भिवंडीच्या बाजूनं, कॉलेज, गोदामातली नोकरी आणि लोकल यांच्या वाटेनं येतो, आणि इथे मात्र संगतीचा वाटा खरोखरच मोठा आहे. पण गांजाही आपल्याकडे बहुधा बिडी-सिगरेटच्या तंबाखूत मिसळूनच ओढला जातो. धुराची सवय आधीपासून असलेल्याला तो एक पायरी पुढचा, नसलेल्याला दोन. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल यांनी १९७५ साली हा क्रम दाखवला होता: आधी कायदेशीर वस्तू, मग बेकायदेशीर. एक घेतल्यामुळेच दुसरी घेतली जाते असं त्यातून सिद्ध होत नाही आणि त्यावर अजून वाद आहेत. क्रम मात्र वारंवार दिसतो, आणि तोही मोठ्या माणसांच्या दारातूनच सुरू होतो.

संगतीच्या बाबतीतही याच बाईंचं काम उपयोगी आहे. मित्र एकमेकांसारखे असतात हे सगळ्यांना दिसतं. पण मित्रामुळे पोरगं तसं होतं, की तसं असलेलं पोरगं तसाच मित्र शोधतं? कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मित्रांच्या जोड्या एकाच शालेय वर्षात दोनदा तपासल्या आणि १९७८ साली निष्कर्ष मांडला की दोन्ही गोष्टींचा वाटा साधारण सारखा आहे. म्हणजे जिला आपण वाईट संगत म्हणतो तिच्यातली अर्धी आपल्याच पोरानं निवडलेली असते. ती निवड तो कशाच्या जोरावर करतो? आतापर्यंत त्याला काय साधं, काय मर्दपणाचं आणि काय लाजेचं वाटत आलंय त्यावर. हे वाटणं घरात घडतं.

कायद्याकडे पाहिलं तर त्याची उतरंड उलटी लागलेली दिसते. गांजा ओढताना सापडलेल्याला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पोराला तंबाखू विकणाऱ्याला २००३ च्या कायद्यात दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. दोनशे रुपये! २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७७ वं कलम मात्र कडक आहे: मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ते नुसतं विकणाऱ्याला नव्हे, देणाऱ्या कुणालाही लागू होतं. काटेकोरपणे वाचलं तर हळदीतला मामाही त्यात येतो. त्याला तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही, गाव त्या दिवशीच कायद्याचं वैरी होईल. राज्यात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, गुटखा २०१२ पासून बंद आहे, सुटी बिडी-सिगरेट विकायला २०२० साली मनाई झाली. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. टपरीसमोर उभं राहिलं की यातलं काय उरतं ते कळतं. मला वाटतं, नवा कायदा नकोच. ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीतल्या दुकानांना ‘पोराच्या हातात पुडी द्यायची नाही, बापाला पाठव म्हणावं’ एवढं एक बजावलं आणि महिन्यातून एकदा तपासलं, तरी दंडाच्या पावत्यांपेक्षा जास्त काम होईल.

मग पूर्ण दारूबंदी का नको, असं विचारणारे, विशेषतः बायका, या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांचं दुखणं खरं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली, २०२१ मध्ये उठली. दारू चोरून येत राहिली, हे सरकारनं उठवण्याचं एक कारण दिलं. बंदीचा काहीच उपयोग नसतो असं म्हणणं चूक आहे. पण मागणी तशीच राहिली तर बंदी पुरवठ्याची वाट फक्त बदलते, आणि आडवाटेवर माल वाहायला पोरंच स्वस्त पडतात. त्याच्या उलट एक उदाहरण आपल्या अंगणात आहे आणि त्याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी सुरू केलेल्या आध्यात्मिक बैठकीनं रायगड-ठाण्याच्या आगरी, कोळी, कुणबी घरांत कित्येक माणसांची दारू सोडवली. बैठकीच्या बाकीच्या शिकवणुकीशी कुणाचे मतभेद असतील. वारकऱ्यांच्या माळेविषयीही तसंच. माळ घालणारे असतात तसे काढून ठेवणारेही असतात. तरीही या दोन्हींनी एक गोष्ट साधली: न पिणाऱ्या माणसाला हळदीत ‘मी माळकरी’, ‘मी बैठकीतला’ एवढं म्हणून मानानं बाहेर पडायची वाट दिली. सोळा वर्षांच्या पोराकडे असं कुठलंही वाक्य नसतं. नाही म्हणणं म्हणजे त्याच्यासाठी भित्रं ठरणं.

ही वाट शाळा देऊ शकते, पण पाहुण्याच्या भाषणानं आणि घोषणांच्या फेरीनं नव्हे. दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत ‘मैत्री’ नावाचा प्रयोग झाला होता. दोन वर्षं वर्गातल्याच मुलांना पुढारी करून नाही कसं म्हणायचं, तंबाखू कोण आणि का विकतं, हे शिकवलं. घरी पालकांनाही पत्रं गेली. २००९ साली निष्कर्ष छापून आले: प्रयोग न झालेल्या शाळांत त्या काळात तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, झालेल्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला. आइसलँडनं तर सगळा भर पोरांच्या संध्याकाळींवर दिला. खेळ-संगीतासाठी पैसे, रात्री उशिरा बाहेर फिरायला बंदी, आणि पालकांचे आपसांत करार. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्यात झिंगलेले होते. २०१६ मध्ये ५ टक्के. श्रीमंत देशाची गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नये. कबड्डीचं मैदान, हरिपाठ, बँजो पथक, टेनिस बॉलचे सामने हे सगळं शहापूर-मुरबाडात आहेच. फक्त सामन्यांचं बक्षीस हातात पडलं की रात्री ‘बसायचं’ ठरतं, आणि ते ठरवणारा कॅप्टन तीस वर्षांचा असतो.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: बापच पितो, बापच खातो, तो पोराला काय शिकवणार? पिणाऱ्या बापाची सगळी पोरं पीत नाहीत, काही तर बापाकडे पाहूनच आयुष्यभर शिवत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. आणि बापानं सोडलं तर काय होतं, याचंही उत्तर आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका दीर्घ अभ्यासात मूल तिसरीत जायच्या आत आईबाप दोघांनीही सिगरेट सोडली असेल, तर बारावीत पोचल्यावर ते मूल रोज ओढणारं असण्याची शक्यता, न सोडणाऱ्यांच्या मुलांपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी निघाली. एकानंच सोडली तरी फरक पडला. तिसरीतलं पोरगं म्हणजे आठ-नऊ वर्षांचं. पुडी आणायला धाडलं जातं ते नेमकं हेच वय. बापाला सोडायची असेल तर शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. नुसता फोन करायचा तरी तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पुड्यांवर आणि पाकिटांवर छापावा लागतो. सुटी बिडी घेणाऱ्याला तो दिसतच नाही.